सहावा लागलाय, दोन लेकरं लहान, आणि दुपारी बारालाच अंगातलं बळ संपतंय. मदत हवी आहे

वरच्या_मजल्यावरची

आधीच सांगते, "तिसरं कशाला राहू दिलं" हे कृपा करून विचारू नका. शेजारच्या दोघीतिघींनी, माझ्या मावशीनं आणि सिलिंडर घेऊन येणाऱ्या पोरानंसुद्धा विचारून झालंय. राहिलं, आम्ही दोघांनी बसून ठरवलं, ठेवलं.

२२वा आठवडा चालू आहे. मोठी साडेचार वर्षांची. धाकटा २० महिन्यांचा, अजून अंगावर पितो. संभाजीनगरात भाड्यानं राहतो, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. ह्यांची कंपनीत शिफ्ट, आठवड्याला बदलते. सासर वसमतकडं. तिकडं सध्या हळदीची धांदल आहे, काढा, शिजवा, वाळवा, त्यामुळं आत्याबाई पाडव्याच्या आत येऊ शकत नाहीत. मीही आग्रह करत नाही, त्यांचे गुडघे गेलेत. माहेर औशाजवळ, पण तिथं भावजय ओली बाळंतीण, आई तिच्यातच गुंतलीय.

सगळ्यांनी सांगितलं होतं, पहिले तीन महिने काढ, चौथ्यापासून बरं वाटतं. मोठीच्या वेळी तसंच झालं होतं, पाचव्या महिन्यात मी गच्चीवर पापड वाळू घालत होते. यावेळी उलटंच चाललंय. उलट्या थांबल्या, पण सकाळी उठते तेव्हाच वाटतं, रात्रभर अंगावरून कुणी बैलगाडी नेलीय. मोठीचा डबा, तिची वेणी, तिला खाली गाडीत बसवून वर येते तोवर धाकटा जागा. भाकरी करायला लागले की तिसऱ्या भाकरीला हात थांबतो. जिना चढून आले की दारातच बसते. दम लागतो, छाती धडधडते. धाकट्याला वाटतं खेळच चाललाय, तो येऊन मांडीवर बसतो.

परवा दुपारी सतरंजीवर आडवी झाले आणि डोळा लागला. दहाएक मिनिटं असतील. जाग आली ती पाण्याच्या आवाजानं. धाकट्यानं माठाची तोटी सोडली होती आणि खाली माझी चप्पल धरली होती. चप्पल भरून वाहतेय, फरशीभर पाणी, आणि मोठी त्याला दटावतेय, "हळू कर की, मम्मी बिघडलीय!" मिक्सर बिघडतो तशी. आधी हसू आलं, मग रडू आलं. आमच्या नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, ते पाणी होतं ते.

बाकी बारीकसारीक: उठताना जांघेपासून वर पोटात सुरी फिरवल्यासारखी कळ जाते. रात्री पोटरीत गोळे येतात. पाणी येतं त्या दिवशी खालून दहाबारा हंडे वर आणावे लागतात, ह्यांची दुपारपाळी असली की ते माझ्यावरच.

डॉक्टरांना सांगितलं. सोनोग्राफी चांगली आहे, बाळ हलतं ते मलाही कळतं. "दोन लेकरं आहेत म्हटल्यावर थकवा येणारच", एवढंच म्हणाल्या. बाहेर वीसेक बायका बसलेल्या, मग मीही जास्त बोलले नाही. तिसऱ्या महिन्यात एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) १०.१ होतं. लोहाच्या गोळ्या दिल्यात, पण पोट इतकं कडक होतं की मधे एकदोन दिवस सोडते. ती आणि कॅल्शियमची, दोन्ही संध्याकाळच्या चहासोबत एकदमच घेऊन मोकळी होते, नाहीतर विसरते.

तर, हे एवढं असतंच का? धाकट्याचं दूध तोडू का? जो तो सांगतोय की पोटुशी बाईचं दूध लेकराला बाधतं, वाळतं लेकरू. आणि दिवसातून तासभर पाठ टेकायला मिळावी म्हणून ह्या दोघांना कुठं ठेवू? कामवाली परवडत नाही, तो उपाय सोडून सांगा.

गोदाकाठ

"मम्मी बिघडलीय" वाचून चहा सांडला. माझ्या दोघांत १९ महिन्यांचं अंतर, त्यामुळं अनुभवानं सांगते. झोपायचा हट्ट सोड, आडवं व्हायचा धर. दुपारी एकच खोली, आतून वरची कडी, भरलेली बादली, औषधं, इस्त्री सगळं त्या खोलीच्या बाहेर. पाण्याच्या ड्रमवर झाकण आणि झाकणावर पाटा. हे हसण्यावारी नेऊ नको, २० महिन्यांचं लेकरू बादलीत डोकं खाली गेलं तर आवाजही करत नाही.

मग गादी खाली टाकून तू कुशीवर. खेळ असा लावायचा की त्यात तुझं काम पडून राहणं. मी पाठ द्यायचे आणि पोरं पाठीवर गाड्या चालवायची. जालन्याहून परभणी, परभणीहून नांदेड, मधे स्टेशन आलं की दाबायचं. कंबर मस्त चेपून व्हायची. स्टेशनं मी मुद्दाम जास्त घ्यायचे.

उपकेंद्रवाली

ताई, मी एएनएम, म्हणजे सरकारी उपकेंद्रातली नर्स आहे, बारा वर्षं झाली. तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य तुम्ही जाताजाता लिहिलंय, मी तिथंच थांबले. लोह आणि कॅल्शियम एकदम, तेही चहासोबत. ह्या तीन गोष्टी एकत्र आल्या की गोळी पोटात जाते, पण रक्तात फारसं काही जात नाही. कॅल्शियम लोहाला अडवतं, चहाही अडवतो. दोन गोळ्यांत निदान दोन तास ठेवा. कॅल्शियम सकाळ-संध्याकाळ जेवणासोबत. लोहाची रात्री झोपताना, लिंबूपाण्यासोबत. चहा त्याच्या आधी तास-दोन तास आणि नंतरही नाही.

दुसरं, तिसऱ्या महिन्यातल्या एचबीवर बसू नका. मधल्या महिन्यांत अंगातलं रक्ताचं पाणी वाढतं, त्यामुळं एचबी तसंही उतरतं. गरोदरपणात ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ ते ९.९ म्हणजे मध्यम कमी, ७ च्या खाली गेलं तर सरळ मोठा दवाखाना. तुमचं तेव्हाच १०.१ होतं, गोळ्या अर्ध्यामुर्ध्या झाल्या, धाकटा १५ महिन्यांचा असताना दिवस गेले, म्हणजे आधीच्या बाळंतपणाचा साठा भरायला वेळच मिळाला नाही. दम लागणं, छाती धडधडणं हे "दोन लेकरं आहेत म्हणून" म्हणून सोडून द्यायचं नाही. ह्याच आठवड्यात एचबी करा, सोबत लघवीची आणि थायरॉइडची तपासणी सांगा. गर्दी असली तरी चिठ्ठीवर लिहून न्या, "जिना चढला की दम लागतो" हे शब्द तसेच. नुसतं "थकवा येतो" सगळ्याच म्हणतात, ते ऐकूनही ऐकलं जात नाही. खासगीत जमत नसेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, फुकट असते, डॉक्टर बघतात. जंताची गोळी पहिले तीन महिने झाले की एकदा देतात, घेतली नसेल तर तीही विचारा.

पोट कडक होतं म्हणून गोळी सोडू नका, डॉक्टरांना सांगा, गोळी बदलून मिळते, इसबगोलही चालतं. पाणी वाढवा.

दूध: बाधत नाही. विषारी वगैरे काही होत नाही. आधी दिवस अपुरे असताना बाळंतपण झालेलं नसेल, आता रक्त जात नसेल, तर पाजायला हरकत नसते, तरी डॉक्टरांच्या कानावर घाला. ह्या महिन्यांत दूध आपोआप कमी होतं, चवही बदलते, बरीच लेकरं स्वतःच सोडतात. तुम्हालाच दुखत असेल, नको वाटत असेल तर हळूहळू तोडा, आधी दुपारचं, रात्रीचं सगळ्यात शेवटी. पण मावशीच्या धाकानं तोडू नका.

जांघेतली कळ बहुतेक गर्भाशयाच्या दोऱ्या ताणल्याची. झटकन उठू नका, आधी कुशीवर वळा, मग हातावर जोर देऊन बसा, मग उभ्या राहा. पोटरीत गोळा आला की पाय सरळ करून पंजा स्वतःकडं ओढा. धाकट्याला उभ्यानं उचलून कडेवर घेऊ नका, खाली बसा, त्याला चढू द्या. आणि हंडे बंद.

रक्त किंवा पाणी गेलं, पोट राहून राहून आवळायला लागलं, डोकं भयंकर दुखून डोळ्यापुढं अंधारी आली, तोंड-हात सुजले, ताप आला, एकाच पायाची पोटरी सुजून दुखली, बाळ हलायचं कमी झालं, किंवा बसल्या जागी दम लागला तर इथं विचारत बसू नका. १०२ किंवा १०८ लावा.

जुनं_खोड

आम्ही नवव्या महिन्यापर्यंत कापूस वेचला. आताच्या पोरींना गोळ्या, सोनोग्राफ्या, तरी दम लागतो. काम केलं की बाळंतपण सोपं जातं.

माळावरची

माझ्या आईनंही वेचला. सहा बाळंतपणं केली तिनं, आम्ही चौघं आहोत. बाकीच्या दोघांचं ती बोलत नाही.

जुनं_खोड

हं. तसं माझंही एक गेलं. बरं पोरी, भाकरी खाली बसून थापत असशील तर ओट्यावर थाप, कमरेवर येत नाही. आणि दोनच भाकरी कर, बाकीचं पीठ धपाट्याचं मळून ठेव, लेकरांना संध्याकाळी तेच दे. मोड आलेली मटकी, हुलगे, तांदुळजा खात जा, वरून लिंबू पिळ.

उपकेंद्रवाली

आजी, लिंबू पिळायचं एकदम बरोबर. फक्त गूळ-शेंगदाण्यानं रक्त भरतं ह्या भरवशावर गोळी सोडणाऱ्या बाया बघितल्यात, म्हणून सांगते, खाणं खाण्याच्या जागी, गोळी गोळीच्या जागी.

शिफ्टवाला

मी बाप आहे, बोललो तर चालेल ना? वाळूजला शिफ्टमध्येच आहे. रात्रपाळी करून आलं की खरंच वाटतं, आता जगातलं सगळ्यात दमलेलं माणूस मीच. बायको सातव्या महिन्यात जिन्यात चक्कर येऊन बसली तेव्हा डोळे उघडले. ताई, तुमच्या मिस्टरांना हा धागा वाचायला द्या, रागावतील तर रागावू द्या. पाण्याचं मी असं केलं: खाली जिन्याखाली मालकाला विचारून २०० लिटरचा ड्रम ठेवला, त्यातून छोटी मोटर आणि पाइप वरच्या टाकीत. नळाला थेट मोटर जोडू नका, ते नियमात बसत नाही आणि गल्ली तुटून पडते. ड्रममध्ये पाणी पडलं की पुढं बटण दाबायचं काम आहे, ते मी कामावरून आल्यावरही होतं. जुनी मोटर, पाइप मिळून फार खर्च आला नाही.

वरच्या_मजल्यावरची

सगळ्यांचे आभार, आणि उपकेंद्रवाली ताई, तुमचे तर काय मानू. एचबी ८.६ आलं. चिठ्ठी नेली होती, तुमचेच शब्द लिहून. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, माझ्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या आणि म्हणाल्या, "हे आधी का नाही बोललात?" मी काय बोलणार. लोहाची गोळी आता दिवसातून दोनदा, वेगळी कंपनी. महिन्यानं परत एचबी, नाही वाढलं तर शिरेतून देऊ म्हणाल्या. थायरॉइड, लघवी ठीक आहे. २४व्या आठवड्यात साखरेची तपासणीही सांगितलीय.

ह्यांना धागा दाखवला. वाचून काहीच बोलले नाहीत, मला वाटलं रागावले. सकाळी मालकाकडं जाऊन जिन्याखालच्या जागेचं विचारून आले. मालक म्हणाले, मेहुण्याची सायकल आहे तिथं, ती हलेपर्यंत थांबा. म्हणजे तिथं सध्या सायकल विरुद्ध मी असं आहे. तोवर दुपारपाळीच्या आठवड्यात समोरच्या काकूंचा मुलगा हंड्यामागं पाच रुपयांनी आणून देतो, दोन हंडे सांडून.

दुपारची रेल्वे सुरू केली. आमची संभाजीनगरहून वसमतला जाते, वाटेत आजीचं गाव येतं आणि तिथं धाकटा उतरायलाच तयार नसतो, पाठीवरच बसून राहतो. दुपारचं पाजणं बंद केलं. दोन दिवस आरडाओरडा, तिसऱ्या दिवशी ताक मागितलं. रात्रीचं चालू आहे.

एक विचारायचं राहिलं. दोन गोळ्या सुरू झाल्यापासून संडासला काळं होतंय. ते गोळीमुळंच ना?

उपकेंद्रवाली

गोळीमुळंच, म्हणजे घेताय हे नक्की झालं. डांबरासारखं चिकट झालं किंवा लाल दिसलं तर मात्र दाखवा. आणि बाळंतपणाला जाल तेव्हा तिथल्या तिथं तांबी (कॉपर-टी) बसवून घ्यायचं आताच दोघं बोलून ठेवा, त्या वेळी कुणाला सुचत नाही. सायकल हलली की कळवा.