ऑडिटमध्येच करिअर करायचंय, सीए नाही झालो तर दार बंद का?

सांगलीकर_बीकॉम
बीकॉम झालंय, सध्या एका सीएंच्या ऑफिसात टॅली आणि जीएसटी रिटर्नचं काम करतोय. सीए इंटरचा (सीएची मधली परीक्षा) एक ग्रुप निघालाय, दुसरा अडकलाय. मला एंट्र्या मारण्यापेक्षा तपासायला आवडतं. घरचे म्हणतात सीए झाला नाहीस तर ऑडिटचं नाव काढू नको. जीडीसीए, सीएमए, सीआयए ही नावं कानावर येतात पण कशाने नेमकं काय करता येतं ते कोणी धड सांगत नाही.

ताळेबंद_ताई
घरच्यांचं अर्धं खरंय. कंपनीच्या स्टॅच्युटरी, म्हणजे कायद्याने बंधनकारक ऑडिटवर सही फक्त सीएचीच चालते, कंपनी कायदा 2013 चं कलम 141, आणि तीही सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस, म्हणजे स्वतंत्र व्यवसायाचा परवाना घेतलेल्याची. मी सीए आहे पण फुलटाइम नोकरीत, त्यामुळे माझी सही तिथे चालणार नाही. म्हणजे बघ, परीक्षा पास होणं वेगळं आणि सहीचा अधिकार वेगळा. कॉस्ट ऑडिट, म्हणजे उत्पादनखर्चाची तपासणी, सीएमएकडे (कॉस्ट अकाउंटंट), तेही औषधं, खतं, सिमेंट अशा ठराविक उद्योगांतल्या मोठ्या कंपन्यांचं. इंटर्नल ऑडिट, म्हणजे कंपनीने स्वतःसाठी करून घेतलेली तपासणी, मात्र कलम 138 ने बरंच मोकळं ठेवलंय, सीए, सीएमए किंवा बोर्डाला योग्य वाटेल तो प्रोफेशनल, कंपनीचा कर्मचारीसुद्धा चालतो. सीआयए (सर्टिफाइड इंटर्नल ऑडिटर) तिथे उपयोगी, तीन पेपर आहेत, जगभर ओळखतात, पण त्याने आपल्याकडे कायद्याने कसलीही सही मिळत नाही हे पक्कं लक्षात ठेव.

सहकार_कोल्हापूर
भावा, सांगलीत राहून जीडीसीए (सहकार आणि लेखा यातली शासकीय पदविका) सोडून बाकी सगळं शोधतोयस होय! परीक्षा सहकार आयुक्तालय घेतं, सहा पेपर, पदवी तुझ्याकडे आहेच. फक्त पास झालास की लगेच ऑडिटर होत नाहीस, सोसायट्यांच्या ऑडिटचा तीन वर्षांचा अनुभव लागतो, मग प्रमाणित लेखापरीक्षक म्हणून शासनाच्या पॅनेलवर यायचं आणि सोसायटीची सर्वसाधारण सभा त्यातून नेमणूक करते. काम म्हणशील तर अगदी तुझ्या आवडीचं. आय नमुन्यातल्या, म्हणजे सभासद नोंदवहीतल्या शेअर्सची बेरीज ताळेबंदातल्या भागभांडवलाशी जुळते का, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी राखलेला पैसा) खरंच वेगळ्या एफडीत आहे की नुसता कागदावर, खर्चाला कमिटीचा ठराव आहे का. शेवटी वर्ग द्यायचा, अ ब क ड, आणि सोसायटीने दोष दुरुस्तीचा अहवाल ओ नमुन्यात नाही दिला तर पाठपुरावा करायचा. नागरी बँकांचं ऑडिट सीएकडेच जातं, पण पतसंस्था, दूध संस्था, हाउसिंग सोसायट्या आपल्याकडे काय कमी आहेत का? मला तर हे काम मनापासून महत्त्वाचं वाटतं, गावातल्या माणसाचा पैसा असतो त्यात.

एजी_नागपूर
सरकारी वाट कुणी सांगितलीच नाही. एसएससी सीजीएल (केंद्राची पदवीधरांसाठीची भरती परीक्षा) देऊन कॅगच्या, म्हणजे सरकारी हिशोब तपासणाऱ्या संस्थेच्या ऑफिसात ऑडिटर होता येतं, कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, पुढे असिस्टंट ऑडिट ऑफिसर व्हायचं तर एसएएस ही खात्याची परीक्षा द्यावी लागते. वयाची अट आहे, आधी नोटिफिकेशन बघ. इथे हिशोबाइतकंच योजना राबवली कशी, पैसा पोचला का हेही तपासतात. दौरे भरपूर, घर सोडायची तयारी ठेव.

सांगलीकर_बीकॉम
सगळ्यांचे आभार. घर सोडणं सध्या जमणार नाही. जीडीसीए केलं तर सीए इंटर सोडावं लागेल का?

ताळेबंद_ताई
अजिबात नाही, दोन्हीत ऑडिटिंग आणि अकाउंट्स आहेच, फक्त सहकार कायदा नव्याने वाचावा लागेल. आधी उरलेला ग्रुप काढ, आणि ऑफिसात सोसायट्यांची ऑडिट्स येत असतील तर सरांना सांगून त्यावर काम माग.