मदत हवी आहे: जॉन डेन्व्हरची कोणती गाणी ऐकवू?

मंडळी, पुढच्या रविवारी आमच्या गाण्याच्या गटात मला अमेरिकी गायक-गीतकार जॉन डेन्व्हरवर बोलायचंय. 'कंट्री रोड्स' (१९७१) सगळ्यांना पाठ आहे. मला त्याआधीचा डेन्व्हर सांगायचाय: आजीने दिलेली जुनी गिब्सन गिटार, १९६५ मध्ये चॅड मिचेल ट्रिओ या लोकसंगीत गाणाऱ्या त्रिकुटात मिळालेली जागा. 'लीव्हिंग ऑन अ जेट प्लेन' त्यानेच लिहिलं, पण १९६९ मध्ये ते पीटर, पॉल अँड मेरी या गायक-त्रिकुटाच्या आवाजात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. हे गाणं त्याचं आहे हेच कित्येकांना माहीत नसतं!

ट्रिओच्या काळातलं कोणतं रेकॉर्डिंग ऐकवू? शिवाय त्याचं 'ॲनीज साँग' तीनच्या ठेक्यात आहे. त्यातलं बोटांनी तारा छेडणं नवशिक्याला जमेल असं कुणी समजावेल का? बाबांच्या कॅसेटवर मी त्याला पहिल्यांदा ऐकलं, म्हणून हे मनापासून नीट करायचंय. शनिवारपर्यंत कळलं तर फार बरं होईल.