कापूस कुणाचा, राज्याचा की दिल्लीचा?

वऱ्हाडी कास्तकार: काल तालुक्याच्या ग्रुपवर एकानं लिहिलं, "घटनेनं पहिल्या दिवसापासून सगळं दिल्लीच्याच हाती दिलं, आता कापसासाठी ओरडून काय फायदा?" रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. घटनेचा मूळ अर्थ तसा नव्हता. राज्यसूची, म्हणजे राज्यांनी कायदे करायच्या विषयांची घटनेतली यादी, उघडा. शेती १४व्या नोंदीत, राज्यातला व्यापार २६व्या, बाजार २८व्या. कापसाची मेख कलम ३६९ मध्ये आहे. टंचाईचे दिवस होते, म्हणून कापूस, सरकी, तेलबिया, ढेप (पेंड) यांच्या राज्यांतर्गत व्यापारावर कायदे करायचा अधिकार संसदेला दिला. किती दिवस? फक्त पाच वर्षं! मुदत सरत आली तशी १९५४ ची तिसरी घटनादुरुस्ती आणली आणि केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात त्या समवर्ती सूचीच्या ३३व्या नोंदीत हे सगळं कायमचं घातलं. २०२० च्या कृषी कायद्यांना आधार दाखवला तो याच नोंदीचा. हंगामापुरतं मागून नेलेलं औत शेजाऱ्यानं आपल्याच गोठ्यात ठेवून घ्यावं, तसं झालं हे.

वकील, दारव्हा: औत ठेवून घेतलं नाही, रीतसर खरेदीखत झालं. दुरुस्तीचं कलम ३६८ सुद्धा मूळ घटनेतलंच आहे ना? सूचीत बदल करायचा तर निम्म्या राज्यांच्या विधानसभांची संमती लागते, ती घेतली गेली. परिस्थिती पाहून ही घटना एकात्मही (सत्ता केंद्राकडे) होते आणि संघीयही (सत्ता वाटलेली), हे बाबासाहेबांनीच ४ नोव्हेंबर १९४८ ला सभागृहात सांगितलं होतं. 'मूळ अर्थ' म्हणत तुम्ही अर्धीच घटना वाचता.

वऱ्हाडी कास्तकार: मग २५ नोव्हेंबर १९४९ चंही भाषण वाचा. कायदे करण्याच्या बाबतीत राज्यं केंद्राच्या मेहरबानीवर नाहीत, आणि केंद्राचे वरचढ अधिकार आणीबाणीपुरते आहेत, हे त्यात स्वच्छ आहे. सरकीला कसली आणीबाणी?

काळी माती: तुमी दोघं दिल्ली-दिल्ली करून रायले. आमाले तं मुंबईनं मारलं! शेती राज्याची हाय नं? मंग राज्यानं काय देलं? एकाधिकार खरेदी, म्हंजे कापूस सरकारलेच इकाचा, ते राज्याचीच होती. माहा बाप तीन रात्री बंडीखाली झोपला संकलन केंद्रावर. चौथ्या दिवशी ग्रेडरनं मूठभर कापूस हातात घेतला, पायला नाई पायला, अन् खालचा ग्रेड लिवला. चुकारा आला तवा पेरणी सावकाराच्या पैशानं होऊन गेलती. विदर्भ महाराष्ट्रात याले पायजे म्हून नेत्यांनी १९५३ मध्ये नागपूर करार केला, त्यात काय काय लिवलं होतं, ते मियालं का? राज्यं नव्यानं पाडाले नेमलेल्या फजल अली आयोगानं १९५५ मध्ये विदर्भ वेगळा करा म्हनलं, केला का? घटनेच्या कलम ३७१(२) खालचं विदर्भाचं विकास मंडळ १९९४ मध्ये आलं, ३० एप्रिल २०२० ले मुदत संपली. तवा कोनी घटनेचा मूळ अर्थ नाई काढला!

वकील, दारव्हा: विषय काय, तुम्ही बोलता काय? पण काढलाच आहे तर ऐका. वेगळा विदर्भ हवा तर कलम ३ लागेल, आणि त्यात विधानसभेचं फक्त मत घेतात, संमती नाही. आंध्रच्या विधानसभेनं विधेयक फेटाळलं, तरी २ जून २०१४ ला तेलंगण झालं. म्हणजे तुमचा विदर्भ द्यायला दिल्लीचाच हात लागणार. तो बांधायचा की मोकळा ठेवायचा, ते दोघं मिळून ठरवा.

काळी माती: तुमाले बंडीखाली झोपा लागलं नाई, म्हून कलमं सुचतात.

वकील, दारव्हा: माझ्याही घरी सात एकर आहे. असं बोलू नका.

शेतकरीण, आर्वी: भांडण पुरे. भाव पडला तो कशानं, ते बघा. १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलं. आमची पहिली वेचणी नेमकी त्यातच आली. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याला क्विंटलमागे ७७१० रुपये होता. पण सरकारी खरेदीवर माझ्या बोऱ्यात ओलावा मोजायची सुई खुपसली, ओलावा १४ टक्के, म्हणजे जास्त आला म्हणून पूर्ण गाडी परत. भाडं माझ्याच अंगावर. मग व्यापाऱ्यानं मागेल त्या भावात घेतली. आता कास्तकार भाऊ, आयातशुल्क तर संघसूचीत, म्हणजे केंद्राच्या विषयांच्या यादीत, ८३व्या नोंदीत आहे, पहिल्या दिवसापासून. तुमचा मूळ अर्थ जसाच्या तसा लावला तरी माझी गाडी परतच येते.

वऱ्हाडी कास्तकार: ताई, आयातशुल्काचं मानतो. मनाला पटत नाही, पण मानतो. कलम ३ चंही वकीलसाहेबांचं बरोबर आहे. पण माझ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही. कापूस दिल्लीलाच द्यायचा होता, तर ३६९ मध्ये 'पाच वर्षं' कशाला लिहिलं?

वकील, दारव्हा: टंचाईपुरतं होतं म्हणून. एवढं मान्य. ते कायम करायला नको होतं असं तुम्ही म्हणू शकता, बेकायदा झालं असं नाही म्हणू शकत.

वऱ्हाडी कास्तकार: नको होतं, हेच तर मी पहिल्यापासून म्हणतोय.

काळी माती: अन् विदर्भाचं काय?