मोल्डिंग मशीनवर रोबो लावला म्हणजे पोटावर पाय का? भांडा, पण मुद्द्यावर भांडा

मोल्डवाला_भोसरी
परवा आमच्या उद्योजकांच्या बैठकीत एकाने सगळ्यांसमोर मला ऐकवलं की तू मशीनवर रोबो लावतोयस म्हणजे गरीब पोरांच्या पोटावर पाय देतोयस. तिथे वाद नको म्हणून गप्प बसलो, इथे लिहितो.

मी इंजेक्शन मोल्डिंग करतो, गाड्यांच्या आतल्या क्लिपा, ब्रॅकेट, कव्हरं असली कामं. ज्यांनी मशीन बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्लॅस्टिकचा दाणा हॉपरमधून (वरच्या नरसाळ्यातून) बॅरलमध्ये (तापलेल्या नळीत) जातो, वितळतो, स्क्रू तो मोल्डमध्ये, म्हणजे साच्यात दाबतो, थंड झाला की मोल्ड उघडतो आणि इजेक्टर पिना पार्ट बाहेर ढकलतात. सेमी-ऑटोवर चालवत असाल तर इथे एक पोरगा उभा असतो. दार सरकव, पार्ट काढ, दार लाव, तीस-पस्तीस सेकंदांनी परत तेच. आठ तास, ओव्हरटाइम धरला तर बारा. याला रोजगार म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

आणि क्वालिटीचं काय? पोरगं कधी चार सेकंदात दार लावतं, कधी मोबाईल वाजला की पंधरा. तेवढा वेळ वितळलेला माल बॅरलमध्ये तापत बसतो, मोल्डचं तापमान हलतं, श्रिंकेज (थंड होताना आकसणं) बदलतं आणि माप इकडचं तिकडे जातं. पीव्हीसीसारखा नाजूक माल असेल तर सरळ जळतो. रोबो दरवेळी तेवढ्याच सेकंदात आत जातो, तेवढ्याच सेकंदात बाहेर येतो, अर्धी रिजेक्शन तिथेच थांबते.

जगातला पहिला औद्योगिक रोबो, युनिमेट, १९६१ साली न्यू जर्सीत जनरल मोटर्सच्या कारखान्यात लागला तो गाड्या जोडायला नव्हता बरं का, डाय कास्टिंग मशीनमधून (तिथे साच्यात वितळलेला धातू दाबतात) तापलेले पार्ट काढायला होता. म्हणजे आपल्याच जातीचं काम. त्याला साठ वर्षं उलटली आणि आपण अजून पोटावर पाय करत बसलोय. २०२३ मध्ये भारतभरात मिळून साडेआठ हजार नवे रोबो बसले, चीनमध्ये पावणेतीन लाखांच्या वर. आणि मग तिकडचा डबा इथे स्वस्त कसा मिळतो म्हणून आपणच विचारतो.

तिसरी_शिफ्ट
दादा, ते मोबाईलवालं पोरगं मी होतो, चाकणला, कंत्राटदाराकडून. आता सेटर आहे (मोल्ड चढवून मशीन लावून देणारा) म्हणून दोन्ही बाजू बघितल्यात.

दार उघड दार लाव एवढंच काम असतं हे फक्त ऑफिसच्या काचेतून दिसतं. पार्ट काढला की कटरने गेट (माल आत शिरतो तिथलं टोक) कापायचं, फ्लॅश (कडेला आलेला जादा पापुद्रा) असेल तर खरवडायची, शॉर्ट शॉट (अर्धवट भरलेला पार्ट) आहे का, सिंक मार्क (खड्डा) आहे का बघायचं, पिशवीत भरायचं, स्टिकर लावायचं, रनर (पार्टपर्यंतच्या वाटेत गोठलेली काडी) ग्राइंडरच्या पिंपात टाकायचा आणि हे सगळं पुढचा मोल्ड उघडायच्या आत. तुमचा रोबो पार्ट काढून कन्व्हेयरवर ठेवतो, मान्य. पुढचं कोण करतं? आमच्याकडे रोबो आला तेव्हा पोरगं दाराकडून उठून कन्व्हेयरच्या टोकाला बसलं, एवढाच फरक.

दुसरं म्हणजे नायलॉनचा माल चालू असताना रात्री तीनला पार्टवर चंदेरी रेघा यायला लागल्या तर पोरगं हाक मारतं, सेटर जाऊन बघतो तर ड्रायरचा हीटर गेलेला, दाण्यात ओल. रोबो त्या रेघा बघत नाही, सकाळपर्यंत इमानेइतबारे क्रेट भरत राहतो. सकाळी क्वालिटीवाला येतो आणि मग सगळ्यांची आरती होते.

मोल्डवाला_भोसरी
@तिसरी_शिफ्ट अरे मग टूलच, म्हणजे मोल्डच नीट बनवा ना. सबमरीन गेट दिलं की मोल्ड उघडताना गेट आपोआप तुटतं, हॉट रनर (वाटेतला माल वितळलेलाच ठेवणारा) टाकला तर रनरच नाही. जुनाट टूलवर रोबो लावायचा आणि रोबोला नावं ठेवायची याला अर्थ नाही. रेघांसाठी कॅमेरा लावता येतो.

वाळूजकर
टूल नीट बनवा 😄 टूल कोणाचं असतं मालक? आमच्यासारख्या जॉबवर्कवाल्याकडे टूल कस्टमरचं, दहा वर्षं वापरलेलं, दुसऱ्या व्हेंडरकडून टेम्पोत घालून पाठवलेलं. त्याला हॉट रनर टाक म्हटलं तर तो टूलच तिसऱ्याकडे पाठवेल. सबमरीन गेटचंही तेच, आणि पार्ट दिसणारा असेल तर गेटचा डाग कुठे येतो यावरून डिझाइनवाले महिनाभर मेल मेल खेळतात.

माझ्याकडे एका दिवसात चार-चार मोल्ड बदलतात. दर मोल्डला वेगळा ग्रिपर (रोबोचा पार्ट धरणारा पंजा), सक्शन कप वेगळ्या जागी, टेक्श्चर (खरबरीत पोत) असलेल्या पार्टवर कप धरतच नाही, कॉम्प्रेसरची हवा जरा कमी झाली की पार्ट अर्ध्या वाटेत खाली. घेतला होता मी रोबो. सध्या त्याच्यावर कव्हर आहे आणि कव्हरवर पोरांचे डबे असतात.

आणि हे फक्त गरिबांचं रडगाणं नाही. आदिदासने जर्मनीत आन्सबाखला आणि अमेरिकेत अटलांटाला रोबोवाले बूट कारखाने काढले, केवढा गाजावाजा, २०१९ मध्ये दोन्ही बंद करतो म्हणून जाहीर केलं. टेस्लाचा मस्क २०१८ मध्ये स्वतःच बोलला की जास्त ऑटोमेशन ही चूक झाली, माणसाला कमी लेखलं गेलं. एवढ्या पैशावाल्यांना जमलं नाही तिथे मी अडीचशे टनाची (मोल्ड दाबून धरायची ताकद) दोन मशीनं घेऊन काय दिवे लावणार.

हिशोबनीस
भावनांचं चालू द्या, मी आकडे टाकतो. आकडे माझ्या क्लायंटचे आहेत, तुमच्याकडे वेगळे असतील. तीन शिफ्ट म्हणजे मशीनमागे तीन पोरं, कंत्राटदाराच्या बिलासकट माणशी अठरा-वीस हजार, वर्षाला सहा-सात लाख. दीड-दोनशे टनाच्या मशीनसाठी तीन अक्षांच्या सर्वो रोबोची कोटेशनं साधारण तेवढ्याचीच आली होती. म्हणजे वर्षात वसूल, विक्रेता हेच सांगतो आणि इथेच पेढे वाटतो.

आता तिसरी_शिफ्ट म्हणतो तसं गेट कापायला दोन मशीनांत एक पोरगा राहिलाच तर वाचली दीड पोरं, म्हणजे वसुली दोन वर्षांवर. आणि एकच शिफ्ट चालत असेल तर सहा वर्षं, त्यात कर्जाचं व्याज आणि ग्रिपरचा खर्च अजून धरलेलाच नाही. त्यामुळे भोसरी आणि वाळूज दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. एकच पार्ट वर्षभर तीन शिफ्ट चालत असेल तर घ्या, नाहीतर विक्रेत्याचा चहा पिऊन निरोप द्या.

सेफ्टीवाली
सगळे रिजेक्शन आणि वसुली बोलतायत, बोटांचं कोणी बोललंच नाही. मी कारखान्यांत सेफ्टी ऑडिट करते. दाराचा लिमिट स्विच (दार उघडं असलं की मशीन थांबवणारा) चिंधीने बांधून ठेवलेला किंवा वायर टाकून बायपास केलेला हे मला किती ठिकाणी सापडतं ते सांगितलं तर जेवण जाणार नाही. कारण काय तर दार लावायचे दोन सेकंद वाचतात आणि टार्गेट पूर्ण होतं. गुरुग्राम-फरिदाबादच्या गाडी-उद्योगातल्या तुटलेल्या बोटांवर सेफ इन इंडिया ही संस्था २०१९ पासून दरवर्षी अहवाल काढते, त्यात पॉवर प्रेस सगळ्यात पुढे. प्रेस असो वा मोल्ड, हात आत जायची गरजच संपली तर मला रोबो शंभर वेळा चालेल.

फक्त रोबो आणला म्हणजे सेफ्टी आली असं समजू नका. १९७९ मध्ये मिशिगनला फोर्डच्या कास्टिंग कारखान्यात पंचविशीतला एक कामगार रॅकवरचे पार्ट काढायला वर चढला आणि रोबोच्या हाताने मागून येऊन त्याचा जीव घेतला. आपल्याकडे रोबोला जाळी लावतात, मग जाळीचं दार सारखं उघडावं लागतं म्हणून त्याचाही इंटरलॉक बायपास करतात. चिंधी तीच, जागा बदलली.

गिरणगावचा_नातू
मोल्डवाला साहेब, हेच सगळं आमच्या आजोबांना सांगितलं होतं. जगाबरोबर चला, मशीनं आली की तुमचंच भलं. १९८२ च्या गिरणी संपात अडीच लाख लोक बाहेर होते, नंतर किती आत आले ते लालबाग-परळला जाऊन टॉवर मोजून बघा.

आणि अभ्यास पाहिजे असेल तर असेमोग्लू आणि रेस्ट्रेपो या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेचे १९९० ते २००७ चे आकडे तपासलेत. हजार कामगारांमागे एक रोबो वाढला तर रोजगाराचं प्रमाण ०.२ टक्का-बिंदूंनी आणि पगार ०.४२ टक्क्यांनी खाली. त्यातल्या असेमोग्लूंना पुढे २०२४ चं नोबेल मिळालं, तेव्हा व्हॉट्सअॅपवरचा फॉरवर्ड म्हणून उडवू नका.

मोल्डवाला_भोसरी
@गिरणगावचा_नातू आजोबांबद्दल आदर आहे पण गिरण्या मशीनं आली म्हणून बुडाल्या नाहीत, उलट मालकांनी जुनेच माग झिजवत ठेवले, पैसा दुसरीकडे वळवला आणि शेवटी जागेच्या भावाने सगळं गिळलं. मशीनं वेळेवर आली असती तर काही गिरण्या आज उभ्या असत्या. हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे, तुमच्या नाही.

गिरणगावचा_नातू
काही उभ्या असत्या, बरोबर. त्यात किती माणसं असती ते पण लिहा की.

श्टुटगार्टचा_सदा
इकडे जर्मनीत मी ऑटोमेशनमध्येच आहे म्हणून दोन शब्द. इथे रोबो भरपूर, पण मोल्डिंगवाल्यांची बोंब वेगळी, रात्रपाळीला माणूसच मिळत नाही. जर्मनीच्या १९९४ ते २०१४ च्या आकड्यांवरही अभ्यास झालाय, त्यात एकूण रोजगार घटला नाही, कारखान्यातल्या नोकऱ्या गेल्या पण सेवाक्षेत्रात तेवढ्या वाढल्या. जे आत होते ते बहुतेक त्याच कंपनीत टिकले, काम बदललं. युनियन मजबूत, प्रशिक्षण कंपनीच्या खर्चाने. रोबो तोच आहे, नियम वेगळे आहेत.

तिसरी_शिफ्ट
सदाभाऊ त्याच अभ्यासात पुढे असंही आहे ना की नवीन पोरांना कारखान्यांनी कमी घेतलं? म्हणजे आतल्याला धक्का नाही, दाराबाहेरच्याला दारच नाही. आणि आपल्याकडे आत कोण आहे? परमनंट मूठभर, बाकी कंत्राटी, नाहीतर ट्रेनी म्हणून आणलेले, सात-आठ महिन्यांनी ब्रेक. रोबो आला की त्यांना काढायला नोटीस पण लागत नाही, कंत्राटदाराला फोन गेला की झालं.

मी रोबोच्या विरोधात नाहीये हे लक्षात घ्या. पेंडंट (रोबोचा रिमोट) हातात घेऊन पॉइंट शिकवायला मला आवडतं, सेटर म्हणून माझं काम सोपंच झालंय. पण आधी मी तीन मशीनं बघायचो, आता सहा बघतो आणि वर सहा रोबो. पगार तीन मशीनांचाच. ते मोल्डवाल्यांनी त्यांच्या पहिल्या पोस्टमध्ये कुठे लिहिलं नाही.

मोल्डवाला_भोसरी
माझ्याकडे ज्या मशीनवर रोबो लागला तिथलं कोणी काढलेलं नाही, दोघांना असेंब्लीत टाकलं, एक सेटिंग शिकतोय. पगार वाढवला का? थोडा. तुझ्या हिशोबाने कमीच असेल. पण कस्टमर दरवर्षी रेट खाली मागतो, तो रेट मी कुठून आणू? रोबोतून वाचलेले सगळे माझ्या खिशात जातात असं समजू नकोस, निम्मे त्या रेटमध्येच जातात.

हिशोबनीस
हे मात्र खरं. गेल्या दोन-तीन फाइलींमध्ये बघितलं, रोबो लावल्याचं कळलं की मोठ्या कंपनीचा पर्चेसवाला पुढच्या रेट मीटिंगला सायकल टाइम किती कमी झाला ते आधी विचारतो.

वाळूजकर
म्हणजे कर्ज माझं, रोबो माझा, बचत त्याची. कव्हर आहे तेच बरं आहे.

सेफ्टीवाली
@वाळूजकर डबे तरी काढा त्याच्यावरून. आणि दाराचा स्विच कसा आहे ते सांगा.

मोल्डवाला_भोसरी
ज्यांना खरंच बघायचंय त्यांनी या शॉपवर, गुरुवारी सुट्टी असते, बाकी कधीही. वाळूजकर तुम्ही तर याच, टेक्श्चरच्या पार्टला आम्ही सक्शन काढून बाजूने धरणारा ग्रिपर लावलाय, तो दाखवतो.

तिसरी_शिफ्ट
येतो. रात्रपाळीला आलं तर चालेल ना? दिवसा साहेब उभे असले की सगळेच रोबो नीट चालतात.

वाळूजकर
मी मोल्ड बदलताना येणार. ग्रिपर काढून दुसरा लावून पहिला चांगला पार्ट पडेपर्यंत किती वेळ जातो ते घड्याळ लावून बघायचंय, तासाच्या आत झालं तर कव्हर काढतो.