मदत हवी आहे: वडिलांच्या नाटकांच्या पीडीएफ विकल्या जातायत, आणि अब्रुनुकसानीची नोटीस मात्र आम्हालाच

रंगपटातली (धागाकर्ती)

नमस्कार. एरवी वाचनमात्र असते, आज गरज पडली म्हणून लिहितेय. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

फोंडा तालुक्यात राहते. बाबा शिक्षक होते आणि हौशी मंडळांसाठी मराठी नाटकं लिहायचे. जत्रा, काला, दसरोत्सव अशा वेळी देवळासमोर मांडव घालून रात्री उशिरा सुरू होणारी आणि पहाटे संपणारी उत्सवी नाटकं. पाच नाटकं त्यांनी मडगावच्या एका छापखान्यातून स्वखर्चाने छापून घेतली, सहावं कोल्हापूरच्या एका प्रकाशकाने काढलं. २०११ मध्ये बाबा गेले. प्रत्येक पुस्तकात पहिल्याच पानावर चौकटीत छापलंय, ‘प्रयोगापूर्वी लेखकाची लेखी परवानगी आवश्यक’. प्रत्यक्षात परवानगी म्हणजे मंडळाची दोघं जण स्कूटरवरून यायची, नारळ आणि पाकीट ठेवायची, चहा घेऊन जायची. पाकिटात काय आहे ते बाबा आमच्यासमोर कधी उघडून बघत नसत.

आता मुद्दा. गोवा आणि सिंधुदुर्गातल्या नाट्यमंडळांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्याचा अ‍ॅडमिन बाबांची नाटकं स्कॅन करून दीडशे रुपयांना एक अशी पीडीएफ विकतो. परवानगीचं पान काढून टाकलंय आणि प्रत्येक पानावर तिरका स्वतःचा मोबाईल नंबर. एका नाटकावरून तर बाबांचं नावच गायब. शिवाय जुन्या छापील प्रतीही विकतो, चाळीस रुपये किंमत छापलेली प्रत सहाशेला.

माझ्या बहिणीने ग्रुपवर विचारलं, मग फेसबुकवरही लिहिलं. तिचे शब्द असे: ‘हा माणूस आमच्या वडिलांची नाटकं चोरून विकतो. मंडळांनी याच्याकडून काही घेऊ नये.’ सोबत त्याच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट, नावानंबरासकट. त्याने तिला ग्रुपमधून काढलं आणि वर लिहिलं, ‘कला कोणाच्या बापाची नसते, आम्ही संस्कृती जपतो, घटनेने अभिव्यक्तिस्वातंत्र्य दिलंय.’ (ही कला नेमकी आमच्या बापाचीच आहे, पण असो.)

नंतर वकिलाची नोटीस आली. पोस्ट काढा, जाहीर माफी मागा, पाच लाख भरा, नाहीतर भादंवि (भारतीय दंड विधान) ४९९, ५०० म्हणजे बदनामी, आणि माहिती तंत्रज्ञान कायदा कलम ६६अ म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर, यांखाली कारवाई. आई घाबरून गेलीय. पोलीस स्टेशनवर गेलो तर ‘हे सिव्हिल मॅटर, कोर्टात जा’ म्हणून परत पाठवलं.

त्याचं विकणं थांबवता येईल का? बहिणीची पोस्ट काढावी का? आणि बाबांनी कुठेच नोंदणी केलेली नाही, त्याने आमची बाजू पडते का?

कुळागर

नोटीस म्हणजे खटला नव्हे, आईंना आधी तेवढं सांगा. बाकी जाणकार येतीलच.

सुशेगाद_वकील

ताई, ज्याने नोटीस लिहिली त्याचा मसुदा फार जुना दिसतोय. कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी, श्रेया सिंघल खटल्यात, घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. आणि १ जुलै २०२४ पासून भादंविच्या जागी भारतीय न्याय संहिता आलीय, तिथे बदनामी कलम ३५६ मध्ये आहे. तरी नोटीस कचऱ्यात टाकू नका, उत्तर द्यायचंच. पण घाबरण्यासारखं तिच्यात फार नाही.

नोंदणीचं: कॉपीराइट लिहिताक्षणी मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. पुरावा म्हणून उपयोगी पडते आणि साहित्यकृतीला शुल्क पाचशे रुपये आहे, तेव्हा करून ठेवा. मुदत लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं. बाबा २०११ मध्ये गेले, म्हणजे २०७१ संपेपर्यंत हक्क वारसांचा.

छापील जुन्या प्रतींबद्दल मात्र तुमचं काही चालणार नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १४ मध्येच आहे की एकदा विकली गेलेली प्रत ‘आधीच वितरणात आलेली’ धरायची. ती त्याने रद्दीतून घेवो नाहीतर कोणाच्या माळ्यावरून, चाळीसची सहाशेला विकणं हा त्याचा धंदा. पीडीएफ ही नवी प्रत, आणि नवी प्रत करण्याचा हक्क तुमचा. छापील प्रत विकत घेतल्याने तो हक्क त्याच्याकडे जात नाही.

जुनी_पानं

मी स्वतः म्हापशात जुनी पुस्तकं विकतो, म्हणून वरच्या शेवटच्या परिच्छेदाला दुजोरा. आमच्याकडेही लोक येतात, ‘पुस्तक राहू दे, स्कॅन आहे का?’ विचारतात. नाही म्हटलं की तोंड वाकडं करून जातात. छापील प्रत महाग विकतो म्हणून त्या माणसाला शिव्या घालू नका, तेवढ्या भावाला गिऱ्हाईक मिळतं कारण ते नाटक दुसरीकडे मिळतच नाही.

तिसरी_घंटा

मी थोडं विरोधात बोलतो, राग मानू नये. आमच्या मंडळाला दरवर्षी नाटक शोधताना नाकी नऊ येतात. स्त्रीपात्रं दोनच हवीत, सेट एकच हवा, आणि पुस्तक हातात हवं. जुन्या गोमंतकीय लेखकांची पुस्तकं संपलीत, वारस मुंबईला किंवा परदेशात, फोन नंबर कोणाकडे नाही. पणजीच्या सेंट्रल लायब्ररीत एखादी प्रत असते, पण ती घरी नेऊन दहा नटांना कशी वाटणार? मग कोणीतरी पीडीएफ देतो आणि आम्ही घेतो. साठ वर्षं कुलूप लावून ठेवलं तर नाटक मरेल. आणि दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात कोर्टानेच म्हटलंय ना की कॉपीराइट हा काही दैवी हक्क नव्हे?

शिवाय घटनेच्या १९(२) मध्ये भाषणस्वातंत्र्यावरच्या निर्बंधांची यादी आहे. बदनामी आहे, न्यायालयाचा अवमान आहे, सार्वजनिक सुव्यवस्था आहे. कॉपीराइट कुठे आहे त्यात?

सुशेगाद_वकील

मुद्दा चांगला काढलात. यादीत कॉपीराइट नाही हे खरं. पण स्वातंत्र्य आपलं म्हणणं मांडायचं आहे, आणि कॉपीराइट कल्पनेवर नसतोच, तो असतो शब्दांच्या विशिष्ट मांडणीवर. बाबांच्या नाटकातला विषय घेऊन तुम्ही उद्या वेगळं नाटक लिहा, कोणी अडवणार नाही. त्यांच्या नाटकावर सणसणीत टीका लिहा, उतारे द्या. कलम ५२ मध्ये टीका आणि समीक्षेसाठी वाजवी वापराची मोकळीक आहे. केरळ उच्च न्यायालयाने तर १९९६ मध्ये एका नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेलं, मूळ नाटकातली पात्रं आणि संवाद घेणारं प्रतिनाटकही चालू दिलं, कारण त्यात टीका होती. इथे काय टीका आहे? पानावर मोबाईल नंबर छापणं?

दिल्लीचा २०१६ चा निकाल शिक्षणापुरता आहे. विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमासाठी लागणाऱ्या उताऱ्यांबद्दल कायद्यात वेगळी सवलत आहे, तिच्यावर तो उभा आहे. अख्खी नाटकं स्कॅन करून विकणाऱ्याला तो निकाल लागू पडत नाही.

पण ताई, आता तुम्हाला न आवडणारी गोष्ट. कलम ५२(१)(ल) बघा. हौशी मंडळाने तिकीट न लावता किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला प्रयोग हा कॉपीराइटचा भंग होत नाही. म्हणजे देवळासमोरच्या फुकट प्रयोगाला कायद्याने तुमची परवानगी लागतेच असं नाही, पहिल्या पानावर काहीही छापलेलं असो.

रंगपटातली

हे वाचून थोडा वेळ गप्पच बसले. म्हणजे ती नारळ-पाकीट आणणारी माणसं कायद्याने बांधलेली नव्हती?

अंत्रुजकर

बांधलेली नव्हती, तरी यायची. आमच्या गावात अजूनही लेखक हयात असेल तर त्याला मांडवात बसवून शाल घातल्याशिवाय पडदा वर जात नाही. तिसरी_घंटा, तुमच्या मंडळाने कोणाचं पाकीट बुडवलं असेल असं म्हणत नाही हां.

एक शंका, वकीलसाहेब. हल्ली बहुतेक मंडळं स्त्री कलाकार मानधन देऊन बाहेरून आणतात, दिग्दर्शकालाही पैसे असतात. मग ते मंडळ ‘हौशी’ राहतं का?

सुशेगाद_वकील

वाद घालता येईल असा प्रश्न. एखाद-दुसऱ्या कलाकाराला मानधन दिलं म्हणून मंडळ व्यावसायिक झालं असं मी तरी म्हणणार नाही. तिकीट लावून, धार्मिक संस्थेसाठी नसलेला प्रयोग केला तर मात्र परवानगी हवीच.

आता कामाचं. एक पीडीएफ स्वतः विकत घ्या, यूपीआयची पावती ठेवा, संपूर्ण संभाषणाचं स्क्रीन रेकॉर्डिंग करा. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते वकील करून देईल. कॉपीराइट कायद्यातलं शिक्षेचं कलमही ६३ च आहे, गोंधळू नका. त्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांनी स्वतः नोंदवून घ्यायचा, असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात स्पष्ट केलंय. त्या निकालाची प्रत घेऊन स्टेशनवर परत जा. तरीही घेतलं नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पाठवा.

विक्रेता सिंधुदुर्गातला असला तरी तुम्हाला तिकडे खेटे घालावे लागणार नाहीत. कलम ६२ प्रमाणे वादी जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा करता येतो. आणि बाबांचं नाव काढलंय त्यासाठी कलम ५७ वेगळं आहे. लेखक म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क वारसही बजावू शकतात.

रंगपटातली

वारस म्हणजे आम्ही तिघं भावंडं आणि आई. भाऊ पुण्याला, त्याला यात फारसा रस नाही. इन्व्हेंटरी (वारसांमधली मालमत्तेची कोर्टातली वाटणी) केलेली नाही. बाबांच्या नावावर घराशिवाय काही नव्हतं, आणि घर आधीच आईच्याही नावावर होतं.

सुशेगाद_वकील

गोव्यात इथे थोडं वेगळं आहे. आपल्या वारसा कायद्यात नवराबायकोची मालमत्ता साधारणपणे सामाईक धरतात. म्हणजे अर्धा हिस्सा आईंचाच, उरलेला मुलांचा. नाटकांचे हक्कही मालमत्ताच आहेत हे लोक विसरतात. सब-रजिस्ट्रारकडे सक्सेशन डीड, म्हणजे वारस कोण ते नोंदवणारा दस्त, करून घ्या, आणि भावाकडून तुमच्या नावे अधिकारपत्र. त्याने काही करायला नको, सही केली की झालं. वकिलाचा खर्च जड वाटत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. मोफत कायदेशीर मदतीसाठी महिलांना उत्पन्नाची अट नाही.

कुळागर

आणि पोस्टचं काय? काढायची की ठेवायची? सगळे त्यावरून उडी मारून पुढे गेलेत.

जुनी_पानं

माझं मत, काढू नये. काढली की तो म्हणणार, बघा, खोटं होतं म्हणून काढलं.

सुशेगाद_वकील

मीही काढू नका असंच सांगेन, पण ‘चोरून विकतो’ च्या जागी सिद्ध करता येईल तेवढंच लिहा: ‘अमुक नाटकांच्या पीडीएफ आमच्या कुटुंबाच्या परवानगीविना विकल्या जात आहेत, लेखकाचं नाव काढलेलं आहे, हा त्याचा स्क्रीनशॉट.’ मोबाईल नंबर झाकून टाका. त्याची गरज पोलिसांना आहे, फेसबुकला नाही. बदनामीच्या कलमाला अपवाद आहेत. लोकहितासाठी सांगितलेलं सत्य, आणि स्वतःच्या हितरक्षणासाठी प्रामाणिकपणे केलेलं विधान. बहिणीचं लिखाण दोन्हीत बसवता येतं. त्या माणसाच्या घरच्यांबद्दल, त्याच्या जातीगावाबद्दल कोणी कमेंटमध्ये काही लिहिलं असेल तर तेवढं उडवा, तिथे अपवाद मदतीला येत नाही.

ग्रुपमधून काढल्याबद्दल भांडू नका. खाजगी ग्रुप आहे, त्याला हवं त्याला तो ठेवील.

तिसरी_घंटा

बरं, हरलो. पण खरंच विचारतो, रंगपटातली ताई, तुम्हीच पीडीएफ का देत नाही? मंडळं दीडशे त्याला देतात, तुम्हाला देतील. आम्हाला पुस्तक हवंय, तो माणूस नकोय.

रंगपटातली

हे आईला वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, पैसे नकोत पण कुठलं मंडळ कुठे करतंय ते कळायला हवं. बाबा प्रयोगांची वही ठेवायचे, गाव, तारीख, कोणी कुठली भूमिका केली. ती वही आहे अजून. तेव्हा पाचही नाटकं नीट टाइप करून आम्ही स्वतः देणार, परवानगीच्या पत्रासकट.

नोटिशीचं उत्तर द्यायला वकील ठरवलाय. पोस्ट बहिणीने आत्ताच बदलली. सगळ्यांना देव बरें करूं.

राहिलं फक्त सहावं नाटक, कोल्हापूरच्या प्रकाशकाचं. करार कुठे सापडत नाही, प्रकाशन कधीच बंद पडलंय. ते देता येईल का?

सुशेगाद_वकील

लेखी करारच नसेल तर हक्क दिला असं धरत नाहीत. करार असेल पण मुदत लिहिलेली नसेल, तर कलम १९ प्रमाणे पाच वर्षं धरतात, ती कधीच उलटली असतील. प्रकाशकाची जुनी पत्रं, मानधनाच्या चेकची नोंद, बाबांच्या फायलीत काय मिळतं ते बघा. सापडलं की इथे मजकूर टाका, नावं झाकून. नोटिशीचं उत्तर मात्र त्यासाठी अडवून ठेवू नका.