रास (मळणी) सुरू झाली की घशात सारखा कफ उतरतो, काय करावं?

औसेकर: सोयाबीनच्या राशीपासून वडिलांच्या नाकातून घशात चिकट कफ उतरतोय, आडवं झालं की खोकला. नाक धुवायचं पाणी नेमकं कसं करायचं?

नाकघसा: नाकात पाणी सुटतच असतं, ते नकळत गिळलं जातं. धुळीनं आतलं अस्तर सुजलं की ते वाढतं, घट्ट होतं अन् मग जाणवतं. 240 मिली पाणी 1 मिनिट खळखळ उकळून कोमट करा. त्यात अर्धा चहाचा चमचा बिनआयोडीनचं मीठ, चिमूटभर खायचा सोडा. मीठ कमी पडलं तर नाक झोंबतं. पुढं वाकून, मान तिरपी करून, तोंडानं श्वास घेत वरच्या नाकपुडीतून हे पाणी सोडा. बोअरचं असो की फिल्टरचं, न उकळलेलं पाणी नाकात कधीच नको! क्वचित का होईना, त्यातला अमीबा मेंदूपर्यंत पोचतो आणि तो जीवघेणा असतो.

गोळीऔषध: चोंदलेलं नाक मोकळं करणारे ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब 3 दिवसांच्या वर नकोत, नाक उलट जास्त चोंदतं. डॉक्टरांनी स्टिरॉइड स्प्रे दिला तर नाकाच्या मधल्या पडद्यावर न मारता आतूनच कानाकडच्या बाजूला मारा. रोज वापरला तरी पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे जातात.

नाकघसा: एकाच नाकपुडीतून घाण वासाचं किंवा रक्तमिश्रित येत असेल तर आधी तपासणी. राशीवर नाकाला ओला रुमाल बांधायला सांगा.