'लँडमार्क'ला मराठीत काय म्हणावे?

भाषांतरी:
गिरगावातील आमच्या हमरस्त्यालगतच्या जुन्या इमारतींना वारसा दर्जा मागावा की नाही, हे ठरवण्यासाठी रहिवाशांची सभा व्हायची आहे आणि तिचे इंग्रजी टिपण मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मुंबईच्या १९९५च्या वारसा नियमावलीत पहिल्या श्रेणीच्या वास्तूंना शहराचे प्रमुख आणि दुसऱ्या श्रेणीच्या वास्तूंना स्थानिक 'लँडमार्क' म्हटले आहे. तिसऱ्या श्रेणीच्या व्याख्येत मात्र वस्तीचे रूप घडवण्यात इमारतीचा वाटा किती, यावर भर आहे. मी 'स्थानिक खूण' असे लिहिले, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारले, "म्हणजे कुरिअरवाल्याला सांगतो ती?" त्यांचे चुकले असे म्हणवत नाही.

पेठकर:
'खूण' बदलू नये. मूळ इंग्रजी शब्दाचा जुना अर्थही जमिनीची हद्द दाखवणारी वस्तू असाच आहे. आम्ही पुण्यात 'विश्रामबागवाड्यासमोर' असा पत्ता सांगतो, म्हणून वाड्याची प्रतिष्ठा कमी होत नाही.

शब्दवेल्हाळ:
वाड्याची होत नाही, पण कोपऱ्यावरचा पिंपळ, पाण्याची टाकी आणि रसवंतीगृह यादेखील खुणाच आहेत आणि त्यांना कोणी श्रेणी देत नाही. 'स्मारक' हा शब्द घ्यावा. 'स्मृ' धातूपासून आलेला तो स्वच्छ शब्द हाताशी असताना अडखळायचे कशाला?

गिरगावकर:
कारण स्मारकात कोणी राहत नाही. आजच्या मराठीत स्मारक म्हटले की चौथरा, पुतळा आणि भोवतीचे कुंपण डोळ्यांसमोर येते. शिवाय 'संरक्षित स्मारक' ही १९५८च्या केंद्रीय कायद्यातली वेगळी गोष्ट आहे, आणि तिथे प्राचीनतेसाठी किमान शंभर वर्षांची अट आहे. ओव्हल मैदानासमोरच्या आर्ट डेको शैलीतल्या इमारती १९३०च्या दशकातल्या, तरी २०१८मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या, आणि त्यांत आजही बिऱ्हाडे आहेत. टिपणात 'स्मारक' छापलेत तर आमचे पागडीवाले भाडेकरू घर रिकामे करायची नोटीस आली असे समजतील.

शब्दवेल्हाळ:
मग 'वारसा' तरी कशाला? शब्द अरबी, आणि अर्थ कज्जेदलालीचा. संस्कृत 'दाय' आहे, 'नगरदाय' म्हणावे.

गिरगावकर:
'दाय' वरून 'दायाद', म्हणजे वाटेकरी, आठवतो आणि दायादांवरून भाऊबंदकी, तेव्हा कज्जा काही टळत नाही. आमच्या आजीने 'वारसा इमारत' हे शब्द ऐकताच "वारस कोण लागला?" असे विचारले होते. मला तो प्रश्न अडाणीपणाचा वाटला नाही, कारण इमारत मालकाची, खोली भाडेकरूची आणि दर्शनी भाग रस्त्याचा, अशा घरात नेमके तेच ठरलेले नसते.

भाषांतरी:
काल संध्याकाळी मुद्दाम समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो. तळमजल्यावरच्या कमानी दुकानांच्या पाट्यांनी झाकल्या आहेत. एका पाटीच्या मागून दगडी वेलबुट्टीची फक्त दोन पाने दिसतात. वर गॅलरीचा लाकडी कठडा शाबूत आहे, पण मधल्या तीन बिऱ्हाडांनी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या आहेत. एकटी इमारत 'लँडमार्क' म्हणण्यासारखी नाही. सलग पाच इमारतींची छपराखालची ओळ पाहिली की मात्र ती गिरगावाची वाटते. माझ्या मते हे प्रकरण तिसऱ्या श्रेणीचे आहे, आणि तसे असेल तर मी अडलो तो शब्द टिपणातून वगळताही येईल.

पेठकर:
वगळू नका, लोकांना दोन श्रेणींतला फरक कळायला तो हवा. आणि 'गॅलरी' काय म्हणता? 'सज्जा' लिहा.

गिरगावकर:
सज्जा खिडकीपुरता पुढे आलेला. जिच्यातून मजल्यावरची सगळी बिऱ्हाडे ये-जा करतात, तिला गिरगावात गॅलरीच म्हणतात.

पेठकर:
आमच्याकडे तिला ओटी म्हणत.

शब्दवेल्हाळ:
ओटी तळमजल्याला असते.